नऊ नंबरची फियाट पुढं होती

...नाहीच ठेवला ना कुणी विश्वास. अख्ख्या कळंबोलीत एक माणूस नाही म्हणाला की राहीबाई, तू म्हणतेस तर असेल बाई तसं. उलट जो येतो तो माझीच भाकरी मोडता मोडता हसतो आणि म्हणतो, मावशी, चष्मा बदला. मला चष्माच नाही तर बदलू काय? तुम्हाला सांगते, मी चौथीपर्यंत शिकले, जोडाक्षर आलं की अडखळते, सगळं कबूल, पण पुढं कोण आणि मागं कोण एवढं बघायला कुठली शाळा लागते? गाडी पुढं होती. फराजची नऊ नंबरची फियाट, खारघरच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या पुढं होती आणि मी तिथं हातात कॅमेरा घेऊन उभी होते. आता एवढं सांगूनसुद्धा तुम्ही एकमेकींकडं बघताय. बघा बघा, मला सवय झाली.

तर आधी कोण कोण ते सांगते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. कळंबोलीच्या लोखंड बाजाराला लागून माझी खानावळ. ट्रेलरवाले, क्रेनवाले, हमाल सगळे माझ्याकडं जेवतात आणि सगळे मला भितात. शेजारी अब्दुल्लाशेटचं गॅरेज. शेट मूळचे इकडचेच, रायगडातले, घर पनवेलला, बोलायला गोड, पण एकदा शब्द तोंडातून गेला की मग तो गिळणार नाहीत, मग घर जळो. त्यांचा एकुलता एक फराज. त्या पोराला मी हातानं जेवायला वाढलंय, म्हणजे काय की त्याला गाडीखालून बाहेर यायचंच नसायचं, मग मी ताट खाली सरकवायची आणि तो गाडीखालीच जेवायचा. गॅरेजात एक दिनानाथ मेकॅनिक, उरणचा, चांगला माणूस, पण शेटनी हो म्हटलं की हो आणि नाही म्हटलं की नाही. झाली माणसं. आमचे मालकही होते त्या दिवशी, पण त्यांचं असणं नसणं सारखंच, ते पुढं कळेल.

आता तुम्ही म्हणाल, खानावळवाल्या बाईचं गाड्यांच्या शर्यतीत काय काम. हेच आमचे मालक म्हणाले. त्यांना म्हटलं, माझा बाप साताऱ्याकडं शर्यतीची बैलं ठेवायचा. घरात आम्हा पोरींना चहापुरतं दूध आणि खोंडाला अंडी फोडून घातलेलं दूध. आणि शर्यतीच्या माळावर बायकांनी जायचं नाही. आम्ही लांब ज्वारीत उभ्या राहून धुरळा बघायचो. धुरळा उठला की म्हणायचं, सुटल्या गाड्या. धुरळा बसला की म्हणायचं, संपली शर्यत. अख्खं लहानपण मी धुरळा बघितला, बैल नाही बघितला. तर आता कुणी शर्यत म्हणालं आणि बायकांना मनाई नाही म्हणालं, तर मी जाणार. चुलीवर आमटी उतू गेली तरी जाणार.

आणि ही शर्यत वेगळीच. शहाण्णव साल असेल. खारघरला तेव्हा रस्ते होते, माणसं नव्हती. म्हणजे सिडकोनं रस्ते केले, दिवे लावले, सेक्टरच्या पाट्या लावल्या, फक्त घरं बांधायची राहिली होती. त्या मोकळ्या रस्त्यांवर गोल आखून दिला आणि सकाळपासून ऊन उतरेपर्यंत गाड्या नुसत्या फिरत ठेवायच्या. कोण आधी पोचला असलं काही नाही, कारण पोचायचं कुठंच नाही. शेवटी ज्याचे फेरे जास्त तो पहिला. मी फराजला म्हटलं, "अरे मग ही शर्यत आहे का संसार आहे?" तो म्हणाला, "मौशी, तेच. वेगाला किंमत नाय, गाडी बंद पडली नाय पाहिजे."

त्या फियाटीवर पोरानं वर्ष काढलं होतं. भंगारातनं आणली, आतलं सगळं काढून पुन्हा बसवलं. आणि शेट रोज बडबडायचे, कारण हलिमाभाभीच्या भावानं, म्हणजे फराजच्या मामानं, मस्कतहून नोकरीचा व्हिसा पाठवला होता. "तिकडं एसीमदी काम, इकडं काय, ट्रकची ग्रीस," असं शेटचं चालायचं. फराजला जायचं नव्हतं. एक दिवस माझ्या खानावळीत, भर जेवणाच्या वेळेला, वीस माणसं पानावर बसलेली, बापलेकाचं वाजलं. शेट म्हणाले, "ठीक हाय. पयला आलास तर मस्कत कॅन्सल, गॅरेज तुजा. पयला नाय आलास तर गपचूप विमानात बसायचा. जबान दिली." फराज म्हणाला, "आणि दुसरा आलो तर?" शेट म्हणाले, "दुसऱ्याला पण विमानच."

वीस माणसांनी ऐकलं. एकानं घास घेतला नाही. मीच म्हटलं, जेवा रे, आमटी गार होते.

तर असं होतं. पोरगं कळंबोलीत राहतं का मस्कतला जातं एवढा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका भंगारातल्या फियाटीत होतं.

आता कॅमेरा. तोही मस्कतच्या मामाचाच. फराज म्हणाला, "मौशी, फोटो तू काढ, बाकी सगळ्यांना काम हाय." म्हटलं मला येत नाही. म्हणाला, "एक बटण हाय फक्त." तुम्हाला सांगते, ज्या ज्या वस्तूला एकच बटण असतं ना, तिच्यापासून सावध राहा.

गेलो सकाळी. दिनानाथनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शेटनी, मला ही शर्यत मान्य नाही असं दहादा म्हणत म्हणत, लांबूनच दिनानाथच्या हातात आरशाला बांधायला ताईत दिला. मग रस्त्याला पाठ करून लांब छत्री लावून बसले ते बसलेच. हातात तसबीहची माळ, खिशात व्हिसाचा कागद, तोंड खाडीकडं. गाडी मागनं जायची आणि त्यांची मान हलायची नाही. आमचे मालक टेम्पोच्या सावलीत आडवे झाले आणि शर्यत सुरू व्हायच्या आधी घोरायला लागले. मी म्हटलं ना, सारखंच.

सुटल्या गाड्या. धुरळा उठला, पण ह्या वेळेला मी धुरळ्याच्या ह्या बाजूला होते, आणि खरं सांगते, त्यातलं निम्मं सुख तर मला तिथंच मिळालं.

पण फोटो... आता काय सांगू. उभ्या माणसाचा फोटो कुणीही काढेल हो. पळणाऱ्याचा काढून दाखवा. त्या काचेतनं बघायचं, फियाट येताना दिसते, येते, येते, आली म्हणून बटण दाबायचं, तोवर काचेत नुसता रस्ता. फराज आधीच सांगून गेला होता, "मौशी, गाडीबरोबर मान फिरव." मी मान फिरवली, बरोबर मी पण फिरले, आणि शेजारच्या शिट्टीवाल्या साहेबाला कोपर बसलं. तो म्हणाला, "बाई, मागे व्हा, इथे प्रेक्षकांना परवानगी नाही." म्हटलं, "मी प्रेक्षक नाही, मी फोटोवाली. तुमचा काढू का?" आणि तुम्हाला गंमत सांगते, त्यानं शिट्टी तोंडातनं काढली, टोपी सरळ केली, पोट आत घेतलं आणि उभा राहिला ताठ. मागनं चार गाड्या गेल्या, त्याला पत्ता नाही. हे लक्षात ठेवा. आपल्या माणसाला कॅमेरा दाखवला की तो जे काही करत असेल ते सोडतो. डॉक्टरला दाखवा, तो सुई तशीच टोचून ठेवून तुमच्याकडं बघेल.

तर तिकडं मांडवात एक फळा होता. तासातासाला पुसायचे आणि कुणाचे किती फेरे ते खडूनं लिहायचे. सगळ्यांत वर एक पांढरी गाडी, पुण्याच्या कुठल्या साहेबांची, आत बसणाऱ्याचे कपडेसुद्धा गाडीच्या रंगाचे. दुसरी आपली फियाट, एका फेऱ्यानं मागं. तसंच चाललं, तसंच चाललं, बाकीच्या गाड्या कुठं चाक धरून, कुठं धूर सोडून बाजूला बसायला लागल्या, आणि दुपारी, जेवण झाल्यावर, फळा नुकताच लिहून साहेब लोक लिंबूपाणी प्यायला गेले आणि पांढरी गाडी थांबली. वळणावर, माझ्या समोर. झाकण वर, आतनं वाफ, पांढऱ्या कपड्याची तीन माणसं वाकून आत बघतायत.

फियाट गेली शेजारनं. एकदा गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आणखी आली, आणखी गेली. आता मला सांगा, उभी गाडी फेरे मारते का? एका फेऱ्यानं मागं होती ती आता पुढं झाली की नाही? यात गणित कुठं आहे? पण फळ्यावर नव्हतं. फळ्याला अजून वेळ होता. आणि फळ्यावर नाही म्हणजे झालंच नाही असं जे हे लोक म्हणतात ना आज, ते फळ्याच्या भरवशावर जन्माला आलेत.

गाडी पुढं होती.

मी धावत गेले छत्रीकडं. म्हटलं, "शेट, पाठ फिरवून काय बसलाय, पोरगं पुढं आहे." ते म्हणाले, "चेष्टा नका करू, भाभी." म्हटलं, "मी चेष्टा करते का कधी?" ते विचारात पडले, कारण मी खरंच करत नाही. मग उठले. सकाळपासून पहिल्यांदा रस्त्याकडं तोंड केलं. आणि तेवढ्यात फियाट आमच्या पुढ्यात आली, पेट्रोल भरायला. दोरी बांधून जागा आखलेली होती, गाडी तिथं थांबायची, पेट्रोल घ्यायचं, टायर बदलायचा आणि पळायचं. दिनानाथनं जॅक लावला, टायर काढला, नवा बसवला, पेट्रोल आत गेलं, सगळं झालं, फराज पाणी प्यायला म्हणून उतरलेला तो हेल्मेट हातात घेऊन परत बसायला निघाला... आणि माझ्या मनात आलं, अगं राही, सगळा रोल रस्त्याचे फोटो काढण्यात घालवलास, आता समोर उभी गाडी आहे, घे की एक. एवढंच. मी कॅमेरा वर केला. तोंडातनं शब्द काढला नाही. विचारा कुणालाही. म्हणजे विचारू नका, सगळे खोटं सांगतात.

कॅमेरा वर गेला आणि दिनानाथ थांबला. "मावशी, थांब गो, तोंड धुतो, सगला ग्रीस हाय." गाडीत घालायच्या पाण्यानं तोंड धुतलं त्यानं. दोघं हमाल आले होते बघायला, ते येऊन उभे राहिले, एकानं दुसऱ्याची कॉलर नीट केली. मी म्हटलं, "अरे बाजूला व्हा, गाडी दिसत नाही." ते आणखी जवळ जवळ सरकले, मधे फट राहू नये म्हणून. फराज म्हणाला, "मौशी, काढ लवकर, जायचंय."

आणि मागनं आवाज आला, "मी पन उभा राहतो."

अब्दुल्लाशेट. वर्षभर त्या फियाटीला हात न लावलेले अब्दुल्लाशेट. आता मला सांगा, बाप म्हणतोय उभा राहतो, पोरगं काय म्हणेल, अब्बा बाजूला व्हा? शेटनी कंगवा मागितला. दाढीसाठी. कंगवा हमालाच्या खिशातनं निघाला, सगळ्यांच्या केसांतनं फिरला तेव्हा कुठं शेटकडं पोचला. दिनानाथला वाटलं, मोठं माणूस उभं कसं राहणार, तो पळत जाऊन मांडवातनं खुर्ची घेऊन आला. शेट म्हणाले, "खुर्ची नको, बसलो तर पोरगा माझ्या मागं जाईल. बाजूला पायजे." मग रिकामी खुर्ची फोटोत बरी दिसत नाही म्हणून दिनानाथ ती परत ठेवून आला. हो, परत ठेवून. मग पुन्हा आपल्या जागेवर उभा राहिला, मग ओळ उंचीनं लावली, मग शेटनी फराजच्या खांद्यावर हात टाकला.

मी बटण दाबलं.

शेट म्हणाले, "माजे डोले मिटले. आनखी एक काढा."

मी काचेतनं बघत होते, म्हणून बघितलं. त्यांच्या डोक्यांच्या मागनं काहीतरी पांढरं गेलं. तुम्हाला सांगते, मला कळलं ते काय आहे. मी तोंड उघडलं, पण शेट इतके हसत होते... त्या माणसाचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. पुन्हा कंगवा फिरला, पुन्हा ओळ लागली, मग मी दुसरा काढला. पांढरं पुन्हा गेलं.

मग सुटला फराज. सुटला म्हणजे असा की शिट्टीवाला शिट्टी विसरला. ऊन उतरेपर्यंत पोरानं ती फियाट अशी हाकली की आमचे मालकसुद्धा जागे झाले, आणि जागे होऊन विचारलं काय, तर "संपली का?" संपली. पांढरी गाडी पहिली, आणि तिच्या मागं, म्हणजे दोघांत एक बैलगाडी मावली नसती इतकी मागं, आपली फियाट. टाळ्या झाल्या. दुसऱ्याला पण कप असतो म्हणे, छोटा. शेटनी कप हातात घेतला, बघितला, खिशावर हात ठेवला, आणि काही बोलले नाहीत. फराजही नाही. जबान दिली होती ना. दोघांपैकी एकजण जरी बोलला असता तरी गोष्ट तिथं मिटली असती, पण नाही, पुरुषांना शर्यत सहन होते, बोलणं होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शेट सगळ्यांना सांगायला लागले की गाडी पुढं कधी नव्हतीच, सकाळपासून दुसरी ती दुसरी, फळा बघा. दिनानाथला म्हटलं, तू तरी सांग. तो म्हणाला, "मावशी, फल्यावं व्हता तेच खरा, आपन कोन?" मालक म्हणाले, "मी झोपलो होतो." हमाल म्हणाले, आमचा फोटो कधी येणार. आणि जे तिथं नव्हतेच, ते म्हणायला लागले की हरली ती राहीबाईच्या फोटोपायी. म्हणजे बघा हं, गाडी पुढं नव्हती, आणि माझ्यामुळं मागं पडली. दोन्ही एकदम. जी पुढं नव्हती ती मागं पडली कशी, एवढं मी विचारलं की म्हणतात, मावशी, भाजी वाढा.

मग रोल धुऊन आला. रस्ता. रस्ता. दिव्याचा खांब. शिट्टीवाला साहेब, एकदम छान. रस्ता. एक कुत्रं, काय ऐटीत आलंय म्हणून सांगू. फियाटीचा मागचा अर्धा दिवा. आणि शेवटी ती ओळ. गाडी ओळीच्या मागं पूर्ण झाकलेली, नऊ नंबर नाही, बॉनेट नाही, काही नाही. फक्त ओळीच्या वरच्या अंगाला पांढरा पट्टा. म्हणजे अख्ख्या रोलात पळती गाडी मी एकच पकडली, तीही त्या पुण्याच्या साहेबांची. लोकांना दाखवलं, म्हटलं, बघा, हीच ती, पुढं निघून चालली. म्हणाले, कुणाचं तरी धोतर वाळत असेल.

रमजानच्या आधी फराज गेला. निघताना माझ्याकडं जेवला, ह्या वेळेला ताटावर बसून, गाडीखाली नाही. मी म्हटलं, "खरं सांग, पुढं होतास ना?" म्हणाला, "होतो ना मौशी. माहीत हाय मला." म्हटलं, "मग बोल की बापाला." तो हात धुता धुता म्हणाला, "काय बोलू? तुमच्यामुळं हरलो बोलू? ते पहिल्यांदाच आले होते गाडीजवळ." आणि गेला. माझं खरं मानणारा एक माणूस होता, तो मस्कतला.

शेटनी तो फोटो मोठा करून घेतला. गॅरेजात लावला नाही, पनवेलला घरी लावला. गिऱ्हाईक विचारेल म्हणून असेल. मला माहीत नव्हतं, मी ईदचा शिरखुर्मा खायला गेले तेव्हा भिंतीवर दिसला. त्यातला दुसरा, डोळे उघडे असलेला. मी जेवणाआधीच सुरू केलं, म्हटलं, "हलिमाभाभी, तू तरी ऐक, गाडी पुढं होती." ती म्हणाली, "राही, माजं मन राखायला कशाला खोटं बोलतस गो." झालं. पोराच्या आईलासुद्धा खोटं वाटलं. मी शिरखुर्म्याची वाटी तोंडाला लावली आणि गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणून असेल, ती उठून फोटोपाशी गेली. रोज पुसत असेल तो फोटो, पण त्या दिवशी पदर तसाच हातात धरून बघत राहिली.

"राही, ह्याचा पाय बघ."

मी बघितलं. सगळ्यांचे पाय कॅमेऱ्याकडं, जोडलेले, शाळेच्या प्रार्थनेसारखे. फराजचा एक पाय गाडीकडं वळलेला. टाच उचललेली. हेल्मेट डोक्यापर्यंत आलेलं.

"हा तर निघाला होता," ती म्हणाली.

मी म्हटलं, "निघालाच होता."

"पुढं होता म्हणून घाई होती त्याला."

इतके दिवस ओरडून सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता माझी काय गरज. तिनं बोट आणखी वर नेलं, खांद्यापर्यंत. खांद्यावर हात होता. नुसता ठेवलेला नव्हता, शर्टाला चुण्या पडल्या होत्या इतका घट्ट धरलेला. आणि ओळीतली सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघत होती, तो हातवाला तेवढा पोराकडं बघत होता. काय बघत होता हो. नवीन दुकान उघडल्यासारखा.

आता आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नाही. मी मालक म्हणते. हलिमाभाभी लग्न झाल्यापासून "फराजचे अब्बा" याच्यापुढं कधी गेली नाही, रेशन कार्डावर नाव विचारलं तेव्हासुद्धा तिनं शेजारणीला सांगायला लावलं होतं. त्या दिवशी शेट बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना सांगत बसले होते, सकाळपासून दुसरी ती दुसरी, फळा बघा. ती फोटोवरचं बोट न उचलता, आवाज न चढवता, शिरखुर्म्यात साखर कमी पडली म्हणावं तशी म्हणाली,

"अब्दुल्ला."